तिसऱ्या ओळीतला श्वास

पडद्यावर एक रिकामी खोली होती. खोलीत पलंग, पलंगाशेजारी जुना टेपरेकॉर्डर, आणि त्या टेपरेकॉर्डरमधून ओपल टॅकेट गात होती, मेल्यानंतर पंधरा वर्षांनी. माझ्या मागची बाई मघापासून कागदी पिशवीतलं काहीतरी कुरुमकुरुम खात होती, तीही थांबली. गाण्याची तिसरी ओळ आली आणि ओपलच्या घशात बारीक टक् झालं, आवंढा गिळल्यासारखं, मग एक आखूड श्वास, नको तिथे, ओळ मधोमध चिरणारा, आणि मग पुढचे शब्द. एवढंच. पण मी खुर्चीत ताडकन सरळ झाले, कारण तो आवंढा आमच्या घरातला होता. मी तो भांडी घासताना वाहणाऱ्या नळामागून ऐकला होता, गाडीत ऐकला होता, चर्चच्या बाकावर शेजारी बसून ऐकला होता, आणि त्याही आधी कधीतरी, छातीला कान लावून, घराच्या भिंतीतून शेजारच्या खोलीतलं ऐकू यावं तसा. मी उजवीकडे पाहिलं. ममा पुढे बघत होती. तिच्या गालातली पुदिन्याची गोळी हलायची थांबली होती.

चित्रपट संपला की अर्ध्या तासाने याच पडद्यासमोर उभी राहून हेच गाणं मी गाणार होते. दारात वाटलेल्या पत्रिकेवर ओपल टॅकेटच्या मोठ्या फोटोखाली माझं नाव छापलं होतं, टॅन्सी लेडबेटर, आणि त्या आवंढ्यापर्यंत मी इतकी खूश होते की सकाळी कुणी बिस्किटावर लोण्याऐवजी बुटाचं पॉलिश लावून दिलं असतं तरी मी ते चाटूनपुसून खाल्लं असतं. दोन वर्षांपूर्वीची मी कुणाला आठवत असेल तर त्याने कृपा करून विसरावं. वर्गात हजेरी देतानाही मी बाकाशी बोलायचे. मग गेल्या हिवाळ्यात चर्चच्या तळघरात राजमा-खिम्याच्या चिलीची जेवणावळ होती, जी मुलगी गाणार होती तिचा घसा बसला, आणि कुणीतरी मला मागून ढकललं. मी गायले. वाडगे घेऊन रांगेत उभी असलेली माणसं चमचा तोंडाशी धरून थांबली. शेवटी एक लाल केसांची, पन्नाशीची बाई गर्दीतून वाट काढत आली, माझे दोन्ही दंड धरले आणि म्हणाली, "पोरी, तुझ्यात माझी आई आहे." मला वाटलं, ही घरून पिऊन आलीय, चर्चच्या तळघरात मिळत नसली तरी लोक सोय करून येतात. मग कळलं की ही मार्व्हा, ओपल टॅकेटची मुलगी, गॅलटिन रस्त्यावर केस कापायचं दुकान चालवणारी. त्या दिवसापासून मी जी सुटले ती सुटलेच. ताठ चालते, इतिहासाच्या सरांशी वाद घालते, नववीतल्या पोरींना न मागता सल्ले देते. तुझ्यात ओपल आहे! आमच्या नॅशव्हिलमध्ये पेट्रोल भरणाऱ्या माणसालाही ओपलची गाणी येतात, वर कोणतं गाणं कोणत्या नवऱ्यावर आहे तेही सांगता येतं. आता त्या पडद्यावर तिचे सगळे नवरे येऊन गेले होते, एक जिवंत आणि दोन फोटोतले. गोळ्यांच्या बाटल्या येऊन गेल्या, जळालेलं घर, नदीत बुडालेला मुलगा, ऐनवेळी रद्द झालेले कार्यक्रम, रिकाम्या माइकसमोर शिट्ट्या मारणारे लोक, दौऱ्याच्या बसच्या खिडकीला टेकलेलं तिचं सुजलेलं तोंड. आणि या सगळ्यानंतर, सगळ्यात शेवटी, हे गाणं: मरणानंतर उशाशी सापडलेली टेप, कुणी कधी न ऐकलेली.

गाणं थांबलं आणि पडद्यावर एक पांढऱ्या दाढीचे प्राध्यापक आले. त्यांच्यामागे पुस्तकं होती आणि पुस्तकांवर एक बँजो ठेवला होता, त्याला तारा नव्हत्या. ते म्हणाले, तिसऱ्या ओळीतला तो श्वास ऐका. कोणतीही शिकलेली गायिका तिथे श्वास घेणार नाही. त्या श्वासात तिचं सगळं आयुष्य आहे, दारू आहे, तो बुडालेला मुलगा आहे. शरीर जिथे थकलं तिथे गाणं थांबलं, आणि म्हणून ते खरं झालं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मागच्या बाईने नाक शिंकरलं, आणि हॉलभर लोक नाकं ओढायला लागले, पावसाळी छत गळायला लागावं तसे एकेका कोपऱ्यातून. माझे डोळे मात्र कोरडे होते. वाटलं, आपलंच चुकतंय. ओपलसारखी मी गाते, मी शिकले ममाकडून, म्हणजे ममाच ओपलसारखी गाते, म्हणून मला ओपलमध्ये ममा ऐकू येतेय, साधा हिशेब आहे, अंधारात मांजर बघून आपलं मांजर वाटतं तसं. मी स्वतःला हे नीट समजावलं. पण कान ऐकेना. कान म्हणत होता, हा घसा मला माहीत आहे, याच्या आतल्या बाजूला मी झोपलोय.

हे गाणं मला पहिल्यापासून माहीत होतं, गंमत तीच आहे. मिस मार्व्हाने दुकानात केस वाळवायच्या यंत्राखाली एका म्हाताऱ्या बाईला बसवून माझ्या हातात एक कागद दिला, त्यावर शब्द होते आणि खाली आमच्याकडचे वादक लिहितात तसे सुरांचे आकडे, एक, चार, पाच, एक. टेप ऐकवायची नाही, ती चित्रपट लागेपर्यंत गुपित आहे, असं दिग्दर्शिकेने, कोऱ्या करकरीत बुटातल्या क्विन नावाच्या मुलीने, तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. मी शब्द वाचले आणि तिथेच उभ्या उभ्या गायला लागले. मुलीला घरी ठेवून गाण्याच्या दौऱ्यावर निघालेली आई असते. जाता जाता ती स्वयंपाकघरातल्या कात्रीने मुलीची कपाळावरची झुलपं कापते, घाईत, वाकडी, कारण गाडी दारात उभी असते. आणि तिसरी ओळ: आता ती डोळ्यांवर येत असतील, आणि बाजूला सारायला माझा हात नसेल. "माझा हात"च्या आधी मी आवंढा गिळून श्वास घेतला, कारण तिथे तो घ्यायचा असतो, ममा तिथेच घेते. मिस मार्व्हाच्या हातातली कात्री खाली पडली. "तुला चाल कुणी सांगितली?" तिने विचारलं. मी म्हटलं, माझी ममा भांडी घासताना गाते, पूर्वी ती म्युझिक रोवरच्या स्टुडिओंमध्ये डेमो गायची. "मग तिथे आईकडून ऐकलं असेल तिने," मिस मार्व्हा म्हणाली आणि डोळे पुसले आणि केस वाळणाऱ्या म्हातारीला ओरडून म्हणाली, "ऐकलंस का, एथलीन? अगदी आई!" म्हातारीला यंत्राखाली काही ऐकू गेलं नव्हतं. ती म्हणाली, "अजून ओलेच आहेत गं."

आणि ममाला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, त्या काळात सगळी गाणी सगळ्या गावभर फिरायची, कोण लक्षात ठेवतं. ममाचं तसंच असतं. नेल्डा लेडबेटर या नावाची एक गायिका होती हे मला तिच्याकडून कधी कळलंच नाही, कपाटातल्या खोक्यातून कळलं. ती दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन घेते. मी चार वर्षांची असताना तिच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि वरचे सूर गेले ते गेले, खाली एक खरखरीत, तपकिरी आवाज उरला, ज्याच्यावर दवाखान्यातले रोगी फिदा असतात. नळ चालू असला तरच ती गाते. वरचा सूर आला की नळ मोठा करते आणि तिथे नुसते ओठ हलवते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गाण्यांमध्ये वरच्या जागी पाणी असतं.

दिवे लागले. टाळ्या, उभे राहिलेले लोक, पुढे मिस मार्व्हा कुणाकुणाच्या मिठीत. पुढच्या खोलीत लिंबाचं सरबत आणि घरी केलेली बिस्किटं मांडली होती. ममा उठली, पर्स काखेत मारली, म्हणाली, "गाडीत लिपस्टिक राहिलीय," आणि चालायला लागली. तिने लिपस्टिक लावलेली होती. मी तिच्यामागे बाहेर पळाले. बाहेर दुपार इतकी लख्ख होती की दोन मिनिटं मला सगळ्या गाड्या पांढऱ्या दिसत होत्या. गाडीत बसून मी दार ओढून घेतलं.

"ती तू आहेस," मी म्हटलं.

"पट्टा कशाला लावतेयस? आपण कुठे जात नाही आहोत."

मी खरंच पट्टा लावला होता. सोडला. "ममा. ती तू आहेस."

"एवढ्याशा गाडीत ओरडू नकोस, बये. ऐकू येतं मला."

"तुला माहीत होतं?"

"मला कुठून माहीत असणार! मला वाटलं, ओपलने शेवटी ते गाणं गायला घेतलं. कुणीतरी घेतलं म्हणून बरंही वाटलं. मग ते टक् आलं." तिने आरसा खाली ओढला, त्यात पाहिलं, परत वर सारला. "स्वतःचा आवंढा असा परक्या ठिकाणी भेटला ना, की दचकायला होतं. दुकानातल्या आरशात आपलीच पाठ दिसावी तसं."

मग ती सांगायला लागली, तुकड्यातुकड्याने, समोरच्या गाडीच्या नंबराकडे बघत. डेमो म्हणजे काय हे मला माहीत होतं, आमच्याकडे कुणाला नसतं; गाणं लिहिणारे ते गाणाऱ्यांकडे पाठवतात तेव्हा कुणाकडून तरी आधी गाऊन घेतात. पण ममाचं काम त्याच्याही पुढचं होतं. ज्या गायिकेला गाणं विकायचं, तिच्यासारखं गायचं. सकाळी एकीसारखं, जेवणानंतर दुसरीसारखं. डेल म्हणून एक गाणी लिहिणारा होता, तो म्हणायचा, नेल्डा, असं गा की ओपलला वाटलं पाहिजे, हे आपण गायलोच आहोत, आता फक्त रेकॉर्ड छापायची बाकी आहे. "ओपलचं मी सगळ्यांत छान करायचे," ममा म्हणाली. "टेप पाठवली. उत्तर आलं नाही. वर्षाभरात ती गेली. मला वाटलं, ऐकलीच नसेल, पडली असेल कुठल्या खोक्यात. उशाशी होती म्हणे."

"आणि ते झुलपांचं? डेलच्या मुलीची झुलपं?"

"कुठली मुलगी? डेलने आणि आणखी एकाने बसून लिहिलं. दहाला बसायचे, दुपारपर्यंत एक गाणं, मग जेवायला जायचे. मला आठवतं, त्या दिवशी तळलेला मासा होता."

माझ्या डोक्यात सगळं गोल फिरायला लागलं. मासा, झुलपं, प्राध्यापकांचा चष्मा. हॉलभर माणसं रडली होती ती कशाला? दोन पुरुषांनी मासा खायच्या आधी रचलेल्या ओळींना, तिसऱ्याच बाईने चौथीच्या आवाजात गायलेल्या? आणि मी? गेल्या हिवाळ्यापासून मी जिच्या जोरावर ताठ चालतेय ती कोण? माझ्यात ओपल आहे, म्हणजे ममाने केलेली ओपल आहे, म्हणजे माझ्यात एक नक्कल आहे, की मुळात ममाचाच आवाज तो आणि लोकांनी त्याला ओपल म्हटलं? मी मनात हे उलगडायला जायचे आणि टोकच हरवायचं. शाळेत मी वाद घालते तेव्हा मला दोन्ही बाजू लख्ख दिसतात, इथे बाजूच दिसेनात. पण एक गोष्ट मला अजून धरता येत होती.

"श्वास," मी म्हटलं. "तिसऱ्या ओळीतला. तो तू ओपलसारखा घेतलास का? ती तसा घ्यायची?"

ममा हसायला लागली. आधी नुसती नाकातून, मग तिचे खांदे हलायला लागले, मग तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मला वाटलं रडतेय, पण ती हसतच होती. "ओपल? ती बाई शुद्धीत असली की एका श्वासात नदी ओलांडायची. तो श्वास तिचा नाही गं. तो तुझा."

"माझा?"

"तू पोटात होतीस. आठवा संपत आला होता. मला बसून गाऊ देत नव्हते, आणि उभी राहिले की तू दोन्ही टाचा माझ्या बरगड्यांखाली रोवायचीस. त्या ओळीला तू अशी काही लाथ मारलीस की माझा दमच गेला. मी म्हटलं, परत एकदा घेऊ. डेल म्हणाला, राहू दे, बाहेर दुसरी थांबलीय. मग ते तसंच राहिलं. पुढे तुला झोपवताना म्हणायचे तेव्हाही तिथेच थांबायचे, सवय लागली."

  म्हणजे तो प्राध्यापक चष्मा पुसत होता तो माझ्या टाचेसाठी. दारू, तीन नवरे, नदीत बुडालेला तो बिचारा मुलगा, सगळं माझ्या टाचेत बसवलं होतं त्याने. मला मोठ्याने हसायचं होतं आणि त्याच वेळी कुणीतरी माझं काहीतरी उचलून नेलंय असं वाटत होतं, आणि त्याच वेळी आपणच कुणाचं तरी उचललंय असंही. मी आत होते. त्या रिकाम्या खोलीत, त्या पडद्यावर, लोक अंधारात ज्याच्यासाठी रडले त्याच्या आत, उलटी टांगलेली, अंगठा चोखत. मी म्हणाले, "मी सांगणार. आत्ता गायच्या आधी, माइकवर. ही माझी ममा आहे म्हणून. तुझं नाव घेणार."

"घेऊन काय होणार? शेवटच्या पाट्यांमध्ये सरबतवाल्याच्या खाली लिहितील."

"लोक तुझ्यासाठी रडत होते, ममा!"

"माझ्यासाठी नाही, ओपलसाठी. मी ओपल केली, तेच काम होतं. मी ओळखू आले असते तर काम बिघडलं असतं." हे ती अगदी ठाम म्हणाली, दवाखान्यात फोनवर उद्याची वेळ देते तशी. मग थोडा वेळ पर्सची चेन उघडझाप करत राहिली आणि मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "खरंच रडत होते का गं? मागचेसुद्धा?"

तेवढ्यात माझ्या बाजूच्या काचेवर टकटक झालं. मिस मार्व्हा होती, हातात कागदी रुमालात बांधलेली बिस्किटं, डोळ्यांचं काजळ गालांवर उतरलेलं. मी काच खाली केली.

"इथे लपलात होय! मी सरबताच्या टेबलाखालीसुद्धा बघून आले. खा गं, रिकाम्या पोटी गाऊ नकोस. नेल्डा, तूही रडलीस ना? मी पाहिलं, तू दगडासारखी बसली होतीस, मी पण रडायच्या आधी तशीच होते."

"मिस मार्व्हा," मी म्हणाले, "मला तुम्हाला काहीतरी..."

"थांब, आधी माझं ऐक, मग विसरेन." तिने खिडकीत दोन्ही कोपर टेकले. तिला केसांच्या औषधाचा वास येत होता, रविवारच्या कपड्यांतूनही. "आईने माझी झुलपं खरंच कापली होती. मी सात वर्षांची. हे मी क्विनला सांगितलंच नाही, तिने ते सतरा वेळा दाखवलं असतं. वाकडी कापली आणि गेली, आणि ख्रिसमसला आली तेव्हा तिच्या लक्षातही नव्हतं. मी पुढे लोकांची डोकी सरळ कापत बसले आयुष्यभर, आणि मनात एकच, की तिला ते आठवतसुद्धा नसेल. आणि मग ती टेप. पलंगाशेजारी, यंत्रात तशीच. तिसऱ्या ओळीपाशी फीत झिजून गेलीय माहितेय? क्विनच्या माणसांनी ती नीट करून घेतली. मागे नेऊन नेऊन तेवढंच ऐकायची ती. तेवढंच." तिने मला नाकावर टिचकी मारली. "काय सांगत होतीस?"

माझ्या तोंडात ते होतं. अगदी जिभेवर, बिस्किटासारखं, चावलेलं, गिळायचं बाकी. सांगितलं असतं तर ममा ममाला मिळाली असती. मिस मार्व्हाची आई परत दौऱ्यावर गेली असती. किंवा नसती. कारण फीत झिजवली ती ओपलनेच ना? गाणाऱ्या बाईने पलंगावर पडून दुसऱ्या बाईच्या आवाजातला स्वतःचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकला, तो चांगला असतानाचा आवाज, पुढचा मागचा कुठलाच दौरा नसलेला. तिला कळत होतं का की ही मी नव्हे? की तिलाही शेवटी वाटायला लागलं होतं, कधीतरी गायले असेन, बऱ्याच गोष्टी आठवत नाहीत तशी हीही? आणि त्या झिजलेल्या जागी ती काय ऐकत होती, आपली मुलगी? की माझी लाथ? कुठल्या तरी पोटातल्या पोरीची, जी अजून कुणी नव्हती?

"तिला ते गाणं फार लागलं असणार," ममा म्हणाली. स्वतःच्या त्या खरखरीत आवाजात, माझ्यावरून वाकून, मिस मार्व्हाच्या हातावर हात ठेवून. "उगाच नाही कुणी एवढी फीत झिजवत. तुझ्यावाचून दुसरं कोण असेल तिच्या डोळ्यांपुढे?"

मी ममाचं प्रत्येक वाक्य तपासलं. त्यात एकही खोटं नव्हतं. ती कधीच खोटं गायली नव्हती, मग बोलेल कशी.

मग मी माइकसमोर उभी होते. माझ्यामागे पांढरा पडदा, पुढे माणसं, उजवीकडे गिटार घेऊन एक टकला दादा, ज्याला आकडे दिले होते आणि जो त्यांच्याकडे बघतही नव्हता. क्विन हात बांधून बाजूला उभी. प्राध्यापक पहिल्या रांगेत, पडद्यावरच्यापेक्षा बुटके. मिस मार्व्हा मध्ये. ममा कडेच्या खुर्चीत, पर्स मांडीवर. मी तोंड उघडलं तेव्हा मला वाटलं होतं की मी बोलणार आहे. खरंच, शपथेवर. "ही माझी..." एवढं तयार होतं. पण दादाने सूर धरला आणि मी गायलेच. कात्री आली, वाकडी झुलपं आली, दारातली गाडी आली. मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि मी त्यात शोधत होते, कुठे ओपल संपते, कुठे ममा, कुठे मी, आणि शिवण सापडत नव्हती, कुठल्याही बाजूने धरलं तरी कापड एकच. आणि मग तिसरी ओळ समोर दिसायला लागली, पायरी दिसते तशी. आता ती डोळ्यांवर येत असतील. इथे आवंढा. इथे श्वास. हॉलमधली सगळी माणसं तो श्वास घ्यायला माझ्याबरोबर तयार बसली होती, प्राध्यापकांनी तर चष्म्याला हात घातला होता. पण माझ्या बरगड्यांखाली कुणीच नव्हतं. माझ्यात पोटभर हवा होती, सोळा वर्षांची, ताजी, आणि त्या जागी थांबायचं मला एकही कारण सापडेना. तेव्हा मी थांबले नाही. आणि बाजूला सारायला माझा हात नसेल, अख्खी ओळ एका दमात, जशी ती लिहिली होती, जशी ममाला त्या दिवशी परत एकदा घ्यायची होती. आणि ओळ जिथे तुटायची त्याच क्षणी कडेच्या खुर्चीतून टक् झालेलं मला ऐकू आलं, आवंढा, आणि मागोमाग आखूड श्वास. ऐकू आलं की वाटलं, मला सांगता येणार नाही. गिटार वाजत होती, दिवे डोळ्यांवर होते. पण ममाचा हात पर्सवरून खाली सरकला होता आणि पोटावर होता, हे मी पाहिलं.

टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या, पण मघासारखं छत गळलं नाही. प्राध्यापक टाळ्या वाजवताना डोकं जरासं नकारार्थी हलवत होते. मिस मार्व्हा वर आली, मला मिठी मारली, तिचं ओलं काजळ माझ्या कॉलरला लागलं, आणि माझ्या कानात, फक्त मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "छान झालं, बाळा. फक्त तिसऱ्या ओळीत श्वास राहिला तुझा. आई घ्यायची तिथे. तुला अजून काही भोगायला लागलेलं नाही, त्याला तू काय करणार. येईल हळूहळू."

तिच्या खांद्यावरून मला ममा दिसत होती. ती शेजारच्या बाईला हातवारे करत काहीतरी सांगत होती. इतक्या मोकळेपणी तिने बोटं हवेत नाचवलेली मी कधी पाहिली नव्हती.

"हो, मॅम," मी म्हटलं. "आई घ्यायची तिथे."